शून्याच्या खाली

९ जानेवारी

दादा,

घरी सगळे बरे आहेत. हे आधी सांगते, कारण इतक्या वर्षांनी पाकिटावर माझं अक्षर पाहून तुझ्या मनात पहिलं काय येईल ते मला ठाऊक आहे. कोणी गेलेलं नाही. पण मला आज असा धक्का बसलाय की तो तुझ्याखेरीज कोणाला सांगावा ते सुचत नाही.

पत्ता कुठून मिळाला म्हणशील. आमच्या प्रयोगशाळेत एक बाई आहे, तिला सगळे 'करंट' म्हणतात. हायव्होल्टेजचं काम तिच्याकडे. एकदा शॉक लागून भिंतीवर आदळली आणि उठून बसल्यावर पहिलं काय म्हणाली, तर "माझी कॉफी सांडली का?" तेव्हापासूनचं हे नाव. तिने प्रयोगासाठी निऑनच्या पाट्या बनवणाऱ्या एका लहानशा कारखान्यातून काचेच्या नळ्या मागवल्या. खोका चुकून माझ्या टेबलावर आला. पत्त्यातल्या सातच्या पोटात आडवी रेघ, आणि 'प्रयोगशाळा'मधला 'ळ' आडवा झोपलेला. असा 'ळ' जगात एकच माणूस काढतो. म्हणजे तू काच वाकवतोस. काच वाकवून पाट्या करतोस. मी खोक्यावर हात ठेवून किती वेळ बसले कोण जाणे.

पण पत्राचं कारण वेगळं आहे. तू हे सगळं टाकून बरीच वर्षं झाली, म्हणून पहिल्यापासून सांगते. नळीत झेनॉन वायू. त्यात क्ष-किरणांचा एक झटका मारला की अणूंमधून इलेक्ट्रॉन सुटतात. नळीच्या दोन टोकांना थोडं व्होल्टेज दिलं की ते धन टोकाकडे सरकायला हवेत. सुरुवातीला ते भलत्याच जोशात सैरावैरा धावतात, अणूंवर आपटत आपटत निवतात आणि शेवटी एका ठरावीक चालीला लागतात. तो समतोल. बाबांचं अख्खं आयुष्य या 'निवण्यात' गेलं. अजून म्हणतात, "इलेक्ट्रॉन शेवटी शहाणा होतोच, प्रश्न एवढाच की कधी." त्यांच्या मॉडेलमध्ये प्रवाह शून्यापासून चढतो, चढत जातो आणि वर सपाट होतो. तो आलेख त्यांच्या नावाने शिकवला जातो.

मी ते मॉडेल नव्याने लिहिलं. एकेक इलेक्ट्रॉन सोडायचा, फासे टाकल्यासारखी त्याची पुढची टक्कर ठरवायची, मग दुसरा, मग तिसरा, कोट्यवधी. टकरींचे हल्लीच कोणीतरी नीट मोजलेले आकडे त्यात घातले. आज सकाळी निकाल उघडला. प्रवाह चढला नाही. तो आधी शून्याच्या खाली गेला, मग वर आला.

खाली, दादा. इलेक्ट्रॉन उलटे गेले.

मी चिन्हं तपासली. वेळेचे टप्पे बारीक केले. दुसऱ्या मशीनवर चालवलं. तसंच. मग कागद घेऊन विचार करत बसले तेव्हा हळूहळू उमगलं. जो इलेक्ट्रॉन सरळ वाटेने धावतो त्याचा जोर वाढतो, आणि झेनॉनमध्ये नेमक्या त्या पट्ट्यात जोर वाढला की टकरीही एकदम वाढतात. म्हणजे जो पुढे पळतो तोच आधी आपटतो आणि माघारी फिरतो. जो उलटा निघालाय तो मंदावतो, त्याला वाटेत फारसं कोणी भेटतच नाही, तो आपला जातच राहतो. क्षणभर तरी उलट्यांची सरशी होते. मग सगळे निवतात आणि वाटेला लागतात.

तुझाही आलेख असाच खाली गेला होता. तू तो फळ्यावर मांडलास त्या दिवशी मी शेवटच्या बाकावर होते. बाबा पहिल्या रांगेतून उठले, तुझ्या हातातला खडू काढून घेतला, तिसऱ्या ओळीतल्या चिन्हाला गोल केला आणि भरल्या वर्गात म्हणाले, "आधी वजाबाकी शिका, मग निसर्गाला शिकवा." लोक हसले. तू हात झटकलेस. संध्याकाळी घरातून बॅग घेऊन गेलास.

बाबांना अजून सांगितलेलं नाही.

तुझी,
ठेंगू


२ फेब्रुवारी

दादा,

तुझं उत्तर नाही. नसू दे.

बाबांना सांगितलं. ते निवृत्त झाले तरी रोज येतात, जिन्याशेजारची खोली त्यांना दिली आहे. पूर्वी तिथे झाडू आणि बादल्या असायच्या, आता बाबा असतात, असं ते स्वतःच सांगतात. मी गेले तेव्हा पेन्सिलीला टोक करत होते.

"बाबा, एक आलेख दाखवायचाय."

"चुकलाय," चष्मा लावायच्या आधीच म्हणाले.

"न बघता?"

"तुझं तोंड बघितलं."

मी कागद पुढे ठेवला. मनात सगळी तयारी करून गेले होते. ते आवाज चढवतील, मी चढवीन, मग जिन्यावरून जाणारे थबकतील. नाकाने कांदे सोलणारा माणूस आपला, तुला नव्याने काय सांगायचं. पण त्यांनी बोट त्या खालच्या खळग्यावर ठेवलं आणि तिथेच ठेवून बसले. मग विचारलं, टकरींचे आकडे कुठले. मी सांगितलं. "ठेवून जा," एवढंच म्हणाले.

त्यानंतर आठवडाभर घरातलं जेवायचं टेबल त्यांचं. कॉम्प्युटरला हात लावला नाही, सगळं हाताने. आईने विचारलं, "ताटं कुठे मांडू?" तर म्हणाले, "मांडीवर." आणि आईने खरंच त्यांच्या मांडीवर ताट ठेवलं, तर तेही त्यांना कळलं नाही. कोपराने उलटं होता होता वाचलं.

परवा ते माझ्या दारात येऊन उभे राहिले. दाढी वाढलेली. "तुझे आकडे खरे असतील तर हे खरं आहे," म्हणाले. "करंटला सांग. मोजून बघायला हवं."

मला काय वाटलं ते कसं लिहू. भिंतीला खांदा लावून ढकलायला जावं आणि भिंत नसावी, तसं झालं. तोल गेला. मी विचारलं, "बाबा, तुम्हाला राग नाही आला?"

"कोणाचा? झेनॉनचा?"

जायला वळले आणि थांबले. "हे पूर्वी कोणीतरी म्हणालं होतं," म्हणाले, आणि गेले.

आपल्या घरात तुझं नाव घ्यायचं झालं तर 'कोणीतरी' म्हणतात.

ठेंगू


२४ फेब्रुवारी

दादा,

मोजलं.

तळघरातली ती तांब्याच्या जाळीची खोली तुला आठवत असेल. आत गेलं की मोबाइल मरतो आणि पंपाची घरघर दातात बसते. करंटने नळी बसवली. नळी तुझी. ते मला माहीत होतं, तिला नाही, बाबांना नाही. मी काही बोलले नाही. मला भीती होती की बोलले तर नळी फुटेल. शास्त्रज्ञ बाईने असं लिहू नये, पण तू कुठे कोणाला दाखवणार आहेस.

बाबा म्हणाले, "बटण मी दाबतो." करंट म्हणाली, "सर, तुम्ही इथे उभं राहायचं, या रबरावर, आणि दुसरा हात खिशात." त्यांनी शाळकरी मुलासारखा हात खिशात घातला.

झटका दिला. पडद्यावर हिरवी रेघ आली, आणि सुरुवातीलाच खाली बुडून वर आली.

"तार उलटी लागली असेल," करंट म्हणाली. तारा बदलल्या. आता सगळा आलेखच उलटा झाला, आणि तो बुडालेला भाग वर डोकं काढून बसला. म्हणजे तार नव्हे. तारा पुन्हा पहिल्यासारख्या केल्या. पुन्हा तेच. गॅस बदलला, आर्गॉन घातला, आणखी काय काय केलं. झेनॉन परत भरला की रेघ परत खाली. मी स्वतःच हे भाकीत केलं होतं, तरी मलाच खरं वाटेना. कागदावर उलटं जाणं वेगळं आणि काचेत खरोखर जाणं वेगळं.

बाबा एका रिकाम्या खोक्यावर बसले. खोका दबला. मी धावले, "बरं वाटत नाही का?"

"केवढंसं आहे," ते म्हणाले. "केवढंसं. लक्ष नसलं तर दिसतही नाही."

त्यांनी चष्मा काढून पुसला आणि तो हातातच ठेवून पडद्याकडे बघत राहिले. चष्म्याशिवाय त्यांना हातभर अंतरावरचं दिसत नाही. तरी बघत होते.

बाहेर आल्यावर मला म्हणाले, "त्याला कळवतेस ना?" मी बावचळले. म्हटलं, कोणाला. तर म्हणाले, "ऑफिसातल्या शिपायाने सांगितलं, तू पोस्टाची तिकिटं मागतेस. आजकाल पत्र कोण लिहितं, आणि कोणाला?"

आणखी एक गोष्ट आहे, पण ती आज लिहीत नाही. कदाचित कधीच लिहिणार नाही.

ठेंगू


१५ मार्च

दादा,

काल बाबांच्या पंच्याहत्तरीचा सत्कार झाला. मी अजून बधिर आहे. क्रमाने लिहायचा प्रयत्न करते.

मोठं सभागृह. त्यांचे जुने विद्यार्थी, आता स्वतःच टकले झालेले, लांबलांबून आले होते. भाषणं झाली. एकाने त्यांच्या आलेखाचा मोठा फोटो पडद्यावर टाकला, त्यांच्या नावासकट. संचालक फुलांचा गुच्छ घेऊन पुढे झाले, आणि बाबांनी त्यांना हाताने थांबवलं. म्हणाले, "आधी बोलतो, मग द्यायची तर द्या."

मला वाटलं नव्या प्रयोगाबद्दल बोलतील. बोललेही. मग पडद्याकडे वळून म्हणाले, "हा जो आलेख तुम्ही माझा म्हणता, तो सुरुवातीच्या भागात चूक आहे. हे मला फार पूर्वी याच इमारतीत एकाने फळ्यावर दाखवलं होतं. तो माझा मुलगा. त्याचं गणित बरोबर होतं. मी सर्वांसमोर त्याचं हसं केलं. चूक माझी होती."

'माझा मुलगा' म्हणाले, दादा. 'कोणीतरी' नाही.

संचालक गुच्छ छातीशी धरून उभे, द्यावा की ठेवावा कळेना. मग मागून कोणीतरी टाळ्या सुरू केल्या आणि सगळे उभे राहून वाजवायला लागले. मला उठताच येईना. त्या वाक्यांतलं एक वाक्य मला टोचत होतं, पण ते नंतर.

कारण तेवढ्यात आई उठली. पहिल्या रांगेत मधोमध बसली होती. लोकांना वाटलं तीही टाळ्या वाजवायला उठली. ती टाळ्या थांबेपर्यंत थांबली. मग साध्या आवाजात, घरात "दूध संपलं" म्हणते तशी, म्हणाली, "इतकी वर्षं रोज माझ्यासमोर जेवायला बसत होतात. तेव्हा नाही सांगता आलं. आज माईकवर सांगताय, परक्यांना."

आणि पर्स उचलून निघून गेली. तिच्या चपलांचा आवाज दारापर्यंत सगळ्यांनी ऐकला.

बाबांनी तिच्यामागे जायला पाऊल टाकलं, आणि नेमका तेव्हाच संचालकांनी त्यांच्या हातात गुच्छ दिला.

मी घरी पोचले तेव्हा आई बॅग भरत होती. मी म्हटलं, "अगं आई, त्यांनी माफी मागितली."

"माझी?" ती म्हणाली. "त्यांनी मुलगा घालवला तो फक्त स्वतःचा घालवला असं त्यांना वाटतं."

पंच्याहत्तर वर्षांच्या नवऱ्याला सोडून सत्तरीची बाई घर सोडते, असं मी कधी ऐकलं नव्हतं, आणि ते माझ्याच घरात, माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं. मी विचारलं कुठे निघालीस. तर म्हणाली, "मावशीकडे." आणि मग स्वतःच हसली. असं हसताना मी तिला पाहिलेलं नाही. "मावशीकडे मी गेलेच कधी?" म्हणाली.

दादा, दर वर्षी ती आठवडाभर मावशीकडे जायची. मीच तिला बसवर सोडायचे. ती तुझ्याकडे येत होती.

मी पलंगावर बसले ते बसलेच. ती माझ्यासमोर साड्या घडी करत होती आणि मला सांगत होती की मला एक वहिनी आहे, ती शाळेत चित्रकला शिकवते, तिला माझं सगळं माहीत आहे, माझ्या ठेंगूपणासकट. मी म्हटलं, "मला का नाही सांगितलंस?" तर म्हणाली, "तुझ्या पोटात काही राहत नाही. आणि तू रोज बाबांबरोबर काम करतेस. तुला खोटं बोलायला लावायचं नव्हतं." मी तुझा फोन नंबर मागितला. तो दिला नाही. "त्याला द्यायचा तर तो देईल."

झाकली मूठ म्हणतात ती ही. एवढी वर्षं तिची मूठ झाकलेली होती आणि मला वाटायचं, आईला यातलं काही कळत नाही.

ठेंगू


२१ मार्च

दादा,

आई तुझ्याकडे पोचली असेल. म्हणजे हे पत्र ती वाचेल, वहिनीही वाचतील. वाचा. वहिनी, नमस्कार. तुमची ओळख अशी व्हायला नको होती.

ती न लिहिलेली गोष्ट आता लिहिते.

प्रयोग यशस्वी झाल्यावर मी तुझं फळ्यावरचं गणित आठवून पुन्हा मांडलं. आनंदाने मांडलं, खरं सांगते. मला वाटलं, तुझं ते जुनं गणित आणि आमचं नवं उत्तर शेजारी शेजारी ठेवू. ते मांडून झालं, आणि मी ते पुन्हा पहिल्यापासून तपासलं. तिसऱ्या ओळीतलं चिन्ह खरंच चुकलं होतं. ते सुधारलं की तेव्हाच्या आकड्यांनी प्रवाह चढतोच, बाबांच्या आलेखासारखा. टकरी त्या पट्ट्यात इतक्या वाढतात हे तेव्हा कोणाला माहीतच नव्हतं. तुझा आलेख खाली गेला तो चुकीमुळे. निसर्गही खाली जातो, पण स्वतःच्या कारणाने. तू बरोबर गावात पोचलास, दादा, पण चुकीच्या गाडीत बसून.

आणि बाबा माईकवर म्हणाले, "त्याचं गणित बरोबर होतं."

ज्या माणसाने दशांशचिन्हावरून माझ्याशी अबोला धरलाय, तो असं म्हणतो. त्यांना आठवत नसेल का? वय झालं, विसरले असतील? की त्यांनी तपासलंच नाही? मला झोप लागेना. त्यात ते हट्ट धरून बसलेत की आमच्या लेखावर पहिलं नाव तुझं पाहिजे. मी कारण विचारलं, तर म्हणाले, "मी सभेत सांगितलंय." मी कसं घालू? खोटं नाव घातलं तर तुझी किंमत वाढेल की कमी होईल? तूच सांग. शिव्या घालायच्या तर घाल, पण सांग.

बाबा एकटे आहेत. मी त्यांच्याकडे राहायला गेले आहे. कालपासून ते आईच्या खुर्चीत बसून जेवतात.

ठेंगू


२९ मार्च

दादा, वहिनी, आई, ज्याला पाकीट आधी मिळेल त्याने वाचा.

बाबा सापडत नाहीत.

काल मी धीर करून विचारलं. "बाबा, दादाचं चिन्ह खरंच चुकलं होतं. तुम्ही तेव्हा बरोबर होतात. मग सभेत गणित बरोबर होतं असं का म्हणालात?" ते माझ्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "भाषण झालं, टाळ्या झाल्या. आता पेपर तपासायला बसलीस का?" आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

आज मी कामावरून आले तर घर बंद. फोन टेबलावर. औषधाची डबी नाही, चष्मा नाही. समोरच्या निवृत्त नर्सबाईंनी त्यांना बॅग घेऊन रिक्षा थांबवताना पाहिलं. "कुठे निघालात" विचारलं तर म्हणाले, "वजाबाकी करायला." त्यांना वाटलं गंमत करताहेत.

मी स्टेशनवर जाऊन आले. दवाखान्यांना फोन केले. करंट मोटरसायकल घेऊन फिरते आहे. मी विचारायला नको होतं. तुझा नंबर आत्ता तरी हवा होता.

हे पत्र सगळ्यात जलद टपालाने पाठवते आहे.

ठेंगू


४ एप्रिल

ताई,

परवा शाळेतून तुम्हाला फोन केला तेव्हा एवढंच सांगितलं की बाबा इथे सुखरूप आहेत. तुम्ही रडत होता आणि मी पण रडले, त्यामुळे बोलणं झालंच नाही. म्हणून बाकीचं लिहिते. तुमच्या इतक्या पत्रांना या घरातून उत्तर गेलं नाही, त्याचीही लाज वाटते. तुमचे दादा प्रत्येक पत्र वाचायचे, टेबलावर माझ्यासमोर ठेवायचे आणि बाहेर निघून जायचे. म्हणजे मी वाचावं असा अर्थ. पेन मात्र हातात घ्यायचे आणि खाली ठेवायचे.

बाबांना पत्ता कसा सापडला, तेही सांगते. आईंनी निघायच्या दिवशीच तो बाबांच्या चष्म्याच्या पेटीत ठेवला होता. मला म्हणाल्या, "बघू, किती दिवस लागतात." ते येईपर्यंत त्या रोज दारात खुर्ची टाकून भाजी निवडायच्या, आणि विचारलं तर म्हणायच्या, इथे उजेड चांगला आहे.

ते आले तेव्हा दादा कारखान्यात होते. कारखाना म्हणजे घरामागची एक लांब खोली. टेबलावर एका दुकानाच्या फोन नंबरची पाटी होती, काच नुकतीच वाकवलेली. बाबा पलीकडच्या दाराने आत आले, बॅग हातातच. मी काच पुसायला उभी होते. मी त्यांना फोटोत पाहिलं होतं म्हणून ओळखलं. माझ्या हातातलं फडकं पडलं. दादांनी मान वर केली, आणि बर्नर तसाच पेटता ठेवून उभे राहिले. मग बाबांनी टेबलाकडे बघितलं आणि म्हणाले, "हा नऊ जरा कलला आहे."

दादा म्हणाले, "तो सहा आहे. तुम्ही उलट्या बाजूने बघताय."

बाबा टेबलाला वळसा घालून आले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "हो. सहाच आहे. बरोबर आहे." एवढंच. मी बर्नर बंद केला.

आई त्यांच्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत. पाणी द्यायच्या, पण ग्लास टेबलावर ठेवायच्या, हातात नाही. बाबाही निमूट घ्यायचे. दादा आणि बाबा हवापाण्यावर बोलायचे, तेही माझ्यामार्फत. मला वाटलं, हे असंच चालणार आणि एक दिवस ते परत जाणार.

काल जेवायला सगळे एकत्र बसलो. तुमचं एकवीस तारखेचं पत्र तिथेच शेल्फवर होतं. दादा एकदम म्हणाले, "बाबा, चिन्ह चुकलं होतं माझं. मला त्याच दिवशी बसमध्ये कळलं. खिशातल्या तिकिटामागे करून बघितलं. परत फिरलो असतो, पण मग तुम्ही बरोबर ठरला असता."

मला हे इतकी वर्षं माहीत नव्हतं, ताई. मी यांच्याशी लग्न केलं ते अपमान झालेला माणूस म्हणून. माझा घास हातातच राहिला.

बाबा म्हणाले, "मला माहीत आहे चुकलं होतं. गोल मीच केला होता."

"मग सभेत खोटं का बोललात? तुम्ही?"

बाबा ताटाची कड बोटाने पुसत राहिले. मग म्हणाले, "खरं बोलून एकदा पाहिलं होतं. त्याचं काय झालं ते बघतोच आहे."

आईंनी पाण्याचा ग्लास भरला आणि या वेळी त्यांच्या हातात दिला. "हे मला कधी सांगणार होतात?" त्यांनी विचारलं.

"तुझ्यासमोर जमलं नसतं," बाबा म्हणाले. "परक्यांसमोर बोलायला सोपं जातं. ते घरी निघून जातात."

आई बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं पुन्हा उठून जातील. त्या उठल्या नाहीत.

दादांचा निरोप असा आहे: लेखावर माझं नाव घालू नकोस. अगदीच घालायचं असेल तर शेवटी आभार मानतात तिथे घाल, नळ्या बनवल्या म्हणून. नळ्या बरोबर होत्या. आणि ठेंगूला म्हणावं, गाडीची उपमा चांगली होती, पण ती गाडी तिच्यापेक्षा लवकर पोचली होती. खाली त्यांचा फोन नंबर लिहिला आहे, तोही त्यांनीच सांगितला. त्यांच्या पोटात अजून भीती आहे, तेव्हा तुम्ही आधी करा.

मी हे लिहिते आहे तर मागच्या खोलीतून दोघांचे आवाज येत आहेत. बाबांनी तुमचे नवे आकडे आणले आहेत आणि दादांना ते पटत नाहीत. ते म्हणतात, नळीची काच जाड होती, तिचा परिणाम मोजलेलाच नाही. बाबा म्हणतात, काचेचा काही संबंध नाही. दोघं एकदम बोलतात, एकमेकांचं ऐकत नाहीत. मघाशी काहीतरी पडलं. मी घाबरून उठले, तर आई म्हणाल्या, "तू बस. भांडू दे. दार लोट हवं तर. पण कडी लावू नकोस."

तुमची,
वहिनी